कागदावाचूनचा करार

१९९८ सालची गोष्ट. माझी गुरुदीक्षा होऊन वर्षही उलटले नव्हते आणि धर्मग्रामातील युवकांची जबाबदारी माझ्याकडे सोपविलेली होती. एके संध्याकाळी एका मुलाने, त्याच्या मामाने आखातातून आणलेली इंग्रजी गाण्यांची एक कॅसेट मोठ्या हौसेने मला दाखविली. वाद्यवृंदाचे नाव होते ‘डेपेश मोड’. गीतांच्या यादीत ‘ब्लास्फेमस रूमर्स’ हे शीर्षक दिसले मात्र, आणि मी पुढे काही पाहिलेच नाही. ज्या गीताच्या माथ्यावरच ईश्वरनिंदेचा शब्द आहे, ते आपल्या सभागृहात वाजणार नाही, असे मी त्याला बजावले. त्याने वाद घातला नाही. ‘बरं, फादर,’ म्हणाला आणि कॅसेट खिशात घालून निघून गेला. मी निवाडा दिला खरा. पण गीत मी ऐकलेलेही नव्हते.

ते ऐकले फार उशिरा. ऐकल्यावर ते रचणाऱ्यांविषयी मिळेल ते वाचत गेलो, आणि वाचता वाचता दोन गोष्टींपाशी अडखळलो. एक ही की, ही मुले देवाधर्माच्या बाहेरची नव्हती; प्रार्थनामंदिराच्या बाकांवरूनच ती उठून आली होती. दुसरी गोष्ट त्याहून विलक्षण वाटली. जगभर कोट्यवधी तबकड्या खपविणाऱ्या या वाद्यवृंदाचा आणि त्याच्या तबकड्या काढणाऱ्या कंपनीचा पुढची कित्येक वर्षे लेखी करारच नव्हता. एका माणसाने हात पुढे केला, चार पोरांनी तो हातात घेतला, एवढ्यावर सारे उभे राहिले. व्यापारी जगात असे घडते कसे, आणि घडले तर टिकते कसे, हे जाणून घेण्याच्या ओढीने हा लेख लिहिला आहे.

लंडनच्या पूर्वेस सुमारे ४० किलोमीटरवर, एसेक्स परगण्यात, बॅसिल्डन नावाचे शहर आहे. शहर म्हणावे तर त्याला इतिहास नाही. १९४९ साली सरकारने नकाशावर आखून ते वसविले. दुसऱ्या महायुद्धात पूर्व लंडनच्या कामगार वस्त्या बॉम्बवर्षावात उद्ध्वस्त झाल्या होत्या. घरे गमावलेल्या आणि दाटीवाटीत राहणाऱ्या कुटुंबांसाठी १९४६च्या नवनगर कायद्याखाली जी गावे उभारली गेली, त्यांतले हे एक. पूर्वी तेथे लंडनकरांनी हातांनी बांधलेल्या झोपडीवजा बंगल्या आणि चिखलाचे रस्ते होते. त्यांच्या जागी एकसारख्या घरांच्या रांगा, चौक, शाळा आणि कारखाने आले; फोर्ड कंपनीचा ट्रॅक्टरांचा कारखाना त्यांपैकीच. बापाला काम, आईला स्वयंपाकघर, मुलाला शाळा, सर्व काही होते. नव्हते ते संध्याकाळी जाण्याजोगे ठिकाण. मद्यगृह, नाही तर प्रार्थनामंदिर, एवढाच काय तो पर्याय.

व्हिन्स क्लार्क (जन्म १९६०) आणि अँड्र्यू फ्लेचर (जन्म १९६१) ही दोन मुले प्रार्थनामंदिराकडे वळली. ग्लासगो शहरात १८८३ साली स्थापन झालेल्या ‘बॉईज ब्रिगेड’ या ख्रिस्ती बालसंघटनेच्या बॅसिल्डनमधील शाखेत ती दाखल झाली. फ्लेचरने पुढे प्रांजळपणे सांगितले आहे की, त्याला तेथे नेले ते फुटबॉलने. (आपल्याकडच्या युवक मंडळांची हजेरी पाहणाऱ्या कोणाही धर्मगुरूला याचे नवल वाटू नये.) पण फुटबॉलसाठी आलेला मुलगा मेथडिस्ट पंथाच्या उपासनेत रमला. दोघेही मनापासून श्रद्धावंत झाले. सुवार्ता सांगण्याचा उत्साहही त्यांच्या अंगी होता. फ्लेचरचा शाळासोबती मार्टिन गोर (जन्म १९६१) हा अबोल, पुस्तकी मुलगा होता. तोही काही काळ त्यांच्यासोबत उपासनेला जाई. श्रद्धेने म्हणण्यापेक्षा सोबतीने. चौथा डेव्ह गेहन, १९६२चा. त्याच्या आईचे माहेर मुक्तिफौजेतले होते. मात्र हा मुलगा वयाच्या चौदा वर्षांच्या आत तीन वेळा बालन्यायालयापुढे उभा राहिलेला.

शाळा सुटल्यावर गोर लंडनमधील एका बँकेत कारकून झाला, फ्लेचर विमा कंपनीत. क्लार्क मिळेल ते काम करून पैसे साठवी. त्या दिवसांत जपानी कंपन्यांनी स्वस्त सिंथेसायझर बाजारात आणले होते. एका वेळी एकच स्वर काढणारे ते छोटे यंत्र कारकुनाच्या पगारात येण्याजोगे होते. गिटार आणि ढोलताशांचा संच हवा, मोठे ध्वनिवर्धक हवेत, ते वाहून नेण्यास गाडी हवी, ही सारी अडचण त्या यंत्राने संपविली. शेजाऱ्यांनाही त्रास नाही. कानाला हेडफोन लावून सराव करता येई. १९८० साली क्लार्क, गोर आणि फ्लेचर यांनी ‘कम्पोझिशन ऑफ साउंड’ या नावाने वाद्यवृंद काढला. बालवीरांच्या एका खोलीत गेहन डेव्हिड बोवीचे गीत गात होता, ते क्लार्कने ऐकले आणि त्याला गायक म्हणून बोलाविले. गेहनने एका फ्रेंच फॅशनच्या मासिकावरून नवे नाव सुचविले : डेपेश मोड.

आता बाजाराची स्थिती सांगितली पाहिजे, कारण तिच्यावाचून हस्तांदोलनाची किंमत कळणार नाही. ध्वनिमुद्रिकांचा ब्रिटनमधील धंदा मोजक्या बड्या कंपन्यांच्या हाती होता. त्यांतल्या एकीचे, ई.एम.आय.चे, बोधचिन्ह आपल्या घरोघरी पोचलेले होते : भोंग्यासमोर कान टवकारून बसलेला तो कुत्रा. या कंपन्या नवख्या कलावंताला आगाऊ रक्कम देत. ती बक्षिसी नसे, उसनवारी असे. ध्वनिमुद्रणाचा खर्च, जाहिरातीचा खर्च त्याच्याच खाती मांडला जाई, आणि विक्रीतून त्याच्या वाट्याला येणाऱ्या साधारण शेकडा दहा-बारा टक्क्यांतून तो आधी फिटावा लागे. बहुतेकांचा तो कधीच फिटत नसे. शिवाय मूळ ध्वनिमुद्रण कंपनीच्या मालकीचे. म्हणजे कूळ राबले तरी जमीन सावकाराचीच.

या व्यवस्थेला पहिला तडा गेला तो १९७७च्या जानेवारीत, मँचेस्टर शहरी. ‘बझकॉक्स’ नावाच्या चौघांनी घरच्यांकडून आणि मित्रांकडून ५०० पौंड उसने घेतले, एक हजार तबकड्या छापून घेतल्या आणि स्वतःच विकल्या. त्या संपल्या, पुन्हा छापल्या. लंडनमध्ये जेफ ट्रॅव्हिस यांनी १९७६ साली उघडलेले ‘रफ ट्रेड’ हे दुकान असल्या घरगुती तबकड्यांचे आश्रयस्थान झाले. तबकडी काढायला परवानगी लागत नाही, हे एकदा कळल्यावर देशभर शेकडो तरुणांनी ती काढली. बहुतेकांची हौस दोन-तीन तबकड्यांत भागली. काहींची मात्र भागली नाही. डॅनियल मिलर हे त्यांतले एक.

मिलर यांचा जन्म १९५१ सालचा, लंडनचा. आईवडील दोघेही ऑस्ट्रियातील ज्यू नट. हिटलरच्या छळातून सुटून इंग्लंडला आलेले. मुलगा चित्रपटकलेचे शिक्षण घेऊन संकलकाचा साहाय्यक झाला होता. जादा कामाच्या पैशातून त्याने कॉर्ग कंपनीचा एक वापरलेला सिंथेसायझर आणि एक छोटे ध्वनिमुद्रण यंत्र घेतले आणि आईच्या घरातील खोलीत दोन गीते एकट्यानेच मुद्रित केली. १९७८ साली ती ‘द नॉर्मल’ या टोपणनावाने प्रसिद्ध झाली. कंपनीचे नाव त्याने ठेवले ‘म्यूट’, म्हणजे मूक. पाचशे प्रती काढाव्यात असा त्याचा बेत होता. रफ ट्रेडच्या माणसांनी दुकानात ती ऐकली आणि दोन हजार छापण्यास पाठबळ देऊ केले. मिलर यांनी वेष्टनावर आईच्या घराचा पत्ता छापला होता. झाले असे की, गावोगावचे तरुण त्या पत्त्यावर आपापल्या टेपा धाडू लागले, आणि एका तबकडीपुरती काढलेली कंपनी न ठरविताच खरी कंपनी झाली.

मिलर यांनी १९७९-८०च्या सुमारास आणखी एक गंमत केली होती. फक्त सिंथेसायझर वाजविणारी, गिटारला हातही न लावणारी किशोरवयीन मुलांची टोळी असावी, अशी त्यांची कल्पना. तशी मुले सापडेनात, तेव्हा त्यांनी ती कल्पनेनेच घडविली : ‘सिलिकॉन टीन्स’ या नावाखाली चार मुलामुलींची नावे छापली आणि संगीत स्वतःच वाजविले. तेव्हा बॅसिल्डनची पोरे खरोखरीच सिंथेसायझर बगलेत मारून लोकलने हिंडत होती.

पहिली भेट मात्र फसली. क्लार्क आणि गेहन आपली टेप घेऊन लंडनमध्ये कंपन्यांचे दरवाजे ठोठावीत फिरले आणि सर्वत्र नकार घेऊन रफ ट्रेडला पोचले. तेथील लोकांनी टेप ऐकून घेतली. आपल्या जातकुळीची नाही म्हणाले, पण दुकानात आलेल्या मिलरकडे बोट दाखविले. मिलर त्या दिवशी एका तबकडीच्या वेष्टनाच्या छपाईतील घोळाने वैतागलेले होते. त्यांनी मुलांकडे एक नजर टाकली आणि नाही म्हणून निघून गेले. असे अवेळी दिलेले नकार आपण सर्वांनीच दिलेले असतात.

१९८०च्या अखेरीस, पूर्व लंडनमधील कॅनिंग टाउनच्या ‘ब्रिजहाउस’ या मद्यगृहात म्यूटच्याच ‘फॅड गॅजेट’ या कलावंताचा कार्यक्रम होता, आणि त्याच्याआधी बॅसिल्डनची ही मुले वाजविणार होती. बिअरच्या खोक्यांवर ठेवलेले तीन छोटे सिंथेसायझर, एक तालयंत्र, आणि चेहऱ्यावर खालून प्रकाश पडावा म्हणून गेहनने घरी बनविलेली दिव्याची पेटी. मिलर मागे उभे राहून ऐकत राहिले. पहिले गीत चांगले होते. दुसरेही. कार्यक्रम संपल्यावर ते मुलांना भेटले आणि म्हणाले, एक तबकडी काढून पाहू; जमले तर पुढची, न जमले तर आपापल्या वाटेने जाऊ. खर्च वजा जाता जे उरेल ते निम्मे तुमचे, निम्मे माझे. मुलांनी हात पुढे केला.

या कराराकडे भोळेपणाने पाहू नये. मिलर यांच्याकडे देण्याजोगी आगाऊ रक्कमच नव्हती. वकिलाची फी परवडत नव्हती. मुलांपुढे दुसरा मार्ग नव्हता म्हणावे, तर तसेही नाही. पुढच्या काही महिन्यांत त्यांचा बोलबाला झाला, तेव्हा बड्या कंपन्यांचे प्रतिनिधी त्यांच्या मागे लागले. कल्पनेपलीकडचे आकडे आणि वर कपड्यालत्त्यासाठी भत्ता, असली आमिषे होती, असे फ्लेचरने सांगितले आहे. विमा कंपनीत बसून हिशेब पाहणाऱ्या त्या मुलाला आगाऊ रकमेचा अर्थ कळत असावा, असा माझा तर्क आहे. निम्म्याच्या व्यवहारात दोन्ही बाजूंचे हित एकाच गोष्टीत होते : खर्च आटोक्यात ठेवण्यात. वाद्ये त्यांची स्वतःची, ध्वनिमुद्रणाचा निर्देशक स्वतः मिलर, व्यवस्थापक कोणी नेमलाच नाही. पैसा उधळला तर तो दोघांच्याही खिशातून जाणार होता. असा करार कागदावर नसला तरी त्याला पाया असतो.

ध्वनिमुद्रण झाले ते दक्षिण लंडनमधील ‘ब्लॅकविंग’ स्टुडिओत. ही वास्तू म्हणजे सदर्क भागातील सर्व संतांच्या नावाचे एक जुने अँग्लिकन चर्च. युद्धात त्यावर बॉम्ब पडले आणि पुढे तेथील उपासना कायमची थांबली. जेथे एके काळी गायकवृंद गात असेल, तेथे ही मुले तालयंत्राच्या तारा जुळवीत बसली. १९८१च्या फेब्रुवारीत पहिली तबकडी निघाली आणि विक्रीच्या राष्ट्रीय यादीत ५७व्या क्रमांकावर पोचली. जूनमध्ये निघालेली दुसरी, ‘न्यू लाइफ’, ११व्या क्रमांकावर गेली आणि मुलांना बी.बी.सी.च्या ‘टॉप ऑफ द पॉप्स’ या दूरदर्शन कार्यक्रमाचे निमंत्रण आले. लाखो लोक पाहात असलेल्या त्या कार्यक्रमाला ती गेली कशी? सिंथेसायझर काखोटीला मारून, आगगाडीने. सप्टेंबरमधील ‘जस्ट कान्ट गेट इनफ’ ८व्या क्रमांकावर गेली. जाता जाता सांगण्याजोगे म्हणजे, ग्लासगोच्या सेल्टिक फुटबॉल क्लबाच्या पाठीराख्यांनी २०१०-११च्या सुमारास हेच गीत आपली आरोळी म्हणून उचलले. उपाशी आयरिश मुलांच्या जेवणाची सोय व्हावी म्हणून मारिस्ट बंधू वॉलफ्रिड यांनी १८८७ साली स्थापिलेला क्लब तो हाच.

नोव्हेंबर १९८१मध्ये पहिला अल्बम आला, दहाव्या क्रमांकावर पोचला, आणि त्याच सुमारास क्लार्कने आपण बाहेर पडत असल्याचे जाहीर केले. प्रसिद्धी, दौरे, मुलाखती यांत त्याचा जीव रमत नव्हता. अल्बममधील अकरांपैकी नऊ गीते त्याची. विहीर ज्याच्या झऱ्यावर भरत होती तो झराच निघून चालला होता. वर्तमानपत्रांनी उरलेल्या तिघांचा निकाल लावून टाकला. एखाद्या बड्या कंपनीने अशा वेळी करारातील कलम शोधले असते. मिलर यांच्याजवळ कलमच नव्हते. त्यांनी गोरला गीते लिही म्हणून सांगितले, आणि क्लार्कलाही दूर केले नाही. क्लार्कने बॅसिल्डनच्याच ॲलिसन मॉयेट हिच्यासोबत ‘याझू’ काढला, तोही म्यूटमध्येच. त्यांचे पहिले गीत १९८२ साली दुसऱ्या क्रमांकावर गेले. इकडे गोरने लिहिलेले ‘सी यू’ सहाव्या क्रमांकावर गेले, म्हणजे क्लार्कने डेपेश मोडसाठी लिहिलेल्या कोणत्याही गीताहून वर. भांडण झालेल्या दोन्ही घरांत मिलर यांचे येणे-जाणे राहिले. आपल्यापैकी कितीजणांना हे साधते?

रिकाम्या जागेसाठी एका साप्ताहिकात निनावी जाहिरात देण्यात आली. उमेदवार २१ वर्षांच्या आतील हवा अशी अट होती. ॲलन वाइल्डर हा शास्त्रशुद्ध पियानो शिकलेला तरुण २२चा होता. त्याने वय चोरले आणि जागा मिळविली. यंत्रांच्या संगीताला जी खोली पुढे आली, तिचे बरेचसे श्रेय त्याच्याकडे जाते.

१९८३च्या अल्बमपासून त्यांचे संगीत ओळखू येऊ नये इतके बदलले. कोणताही आवाज टिपून तो स्वरपट्टीवर वाजविता येईल अशी यंत्रे आली होती. पूर्व लंडनमधील शोरडिच भागात ही मंडळी हातोडे घेऊन हिंडली; पत्रे, नळ, लोखंडी सळया ठोकून त्यांचे नाद टेपवर घेतले आणि त्यांतून गीते बांधली. अल्बमचे नाव ‘कन्स्ट्रक्शन टाइम अगेन’, पुन्हा बांधकामाची वेळ. ज्या मुलांचे सारे बालपण बांधकाम चाललेल्या गावात गेले, त्यांना हे नाद कोठून सुचले असतील हे वेगळे सांगायला नको. त्यातील ‘एव्हरीथिंग काउंट्स’ हे गीत व्यापारातील हावरेपणावर आहे, आणि त्यात हस्तांदोलनाचा आणि कराराचा उल्लेख येतो. अल्बमवर अखेरचा हात फिरविला गेला तो बर्लिनमधील हान्सा स्टुडिओत, कुप्रसिद्ध भिंतीच्या अगदी जवळ.

आता त्या गीताकडे येतो. १९८४च्या ऑक्टोबरात ‘ब्लास्फेमस रूमर्स’ निघाले. सोळा वर्षांची एक मुलगी जीव देऊ पाहते आणि वाचते. अठराव्या वर्षी तिला श्रद्धा गवसते, आणि मग रस्त्यावरील अपघातात ती मरते. हे पाहून निवेदक देवाच्या विनोदबुद्धीविषयी कडवट शंका घेतो. बॅसिल्डनमधील धर्मोपदेशकांसह अनेकांनी निषेध केला. गोरने मुलाखतीत त्याची उगमकथा सांगितली आहे. मित्रांसोबत तो उपासनेला जाई, तेव्हा आजाऱ्यांसाठी प्रार्थना करताना नावांची यादी वाचली जाई. यादीत सर्वांत वर असलेले नाव बहुधा पुढे मरण पावे. आणि मंडळी तरीही देवाचे आभार मानीत राही. अबोल मुलगा मागच्या बाकावर बसून ते ऐकत होता, आणि त्याला कोणी काही विचारले नाही.

अशीच यादी मी दर रविवारी वेदीवरून वाचतो. नावे खोडली जातात, नवी लिहिली जातात. कोणा आईने पुढच्या रविवारी मागच्या बाकावर बसून काय विचार केला असेल, हे मी फारसे विचारलेले नाही. गीताचा निष्कर्ष मला मान्य नाही आणि तो मान्य होण्याजोगाही नाही. पण तो प्रश्न ईयोबाच्या ग्रंथात आहे, स्तोत्रांत आहे, आणि तेथे आपण त्याला ईश्वरनिंदा म्हणत नाही. त्या मुलाला १९९८ साली मी निदान दोन मिनिटे बसवून घ्यायला हवे होते. पुढे तो मंडळात फारसा दिसला नाही.

कथेचा पुढील भाग आकड्यांचा आहे, तो थोडक्यात सांगतो. एकटी म्यूट जगभर तबकड्या पोचवू शकत नव्हती. मिलर यांनी प्रत्येक देशात वेगळी कंपनी गाठली : जर्मनीत इंटरकॉर्ड, फ्रान्समध्ये व्होग, अमेरिकेत साइर. सारे अंडे एकाच टोपलीत घातले नाही, म्हणून एक कोसळली तरी बाकीच्या तरत. १९८४चे ‘पीपल आर पीपल’ पश्चिम जर्मनीत पहिल्या क्रमांकावर गेले, आणि पुढच्या वर्षी अमेरिकेत तेराव्या. ७ मार्च १९८८ रोजी पूर्व बर्लिनमध्ये, साम्यवादी युवक संघटनेच्या वर्धापनदिनाच्या निमित्ताने, त्यांचा कार्यक्रम झाला. भिंत अजून उभी होती. त्याच वर्षी १८ जून रोजी कॅलिफोर्नियातील पॅसाडेना येथे, रोझ बोल मैदानावर, दौऱ्यातील १०१वा आणि शेवटचा कार्यक्रम झाला. तिकिटे घेऊन आलेले लोक होते ६०,४५३. प्रसिद्ध चित्रपटकार पेनेबेकर यांनी त्यावर अनुबोधपट काढला. आठच वर्षांपूर्वी याच मुलांची वाद्ये बिअरच्या खोक्यांवर होती.

१९८९ साली ‘पर्सनल जीझस’ आले. त्याची जाहिरात वर्तमानपत्रांच्या छोट्या जाहिरातींत, नुसते शीर्षक आणि दूरध्वनी क्रमांक देऊन, केली गेली. क्रमांक फिरविला की गीत ऐकू येई. प्रभूचे नाव असे वापरल्याबद्दल ओरड झाली. गोरला सुचले होते ते प्रिसिला प्रेस्लीच्या आत्मचरित्रावरून. एक माणूस दुसऱ्याला आपला तारणारा मानतो तेव्हा काय होते, हा त्याचा विषय. गंमत अशी की, अमेरिकेचे श्रद्धावंत लोकगायक जॉनी कॅश यांनी २००२ साली हेच गीत गायले आणि ते सुवार्तेचे गीत म्हणूनच गायले. १९९०चा ‘व्हायोलेटर’ आणि १९९३चा ‘साँग्ज ऑफ फेथ अँड डिव्होशन’ यांनी कळस गाठला. दुसरा तर ब्रिटन आणि अमेरिका दोन्हीकडे पहिल्या क्रमांकावर गेला. श्रद्धा आणि भक्ती ही नावे मागच्या बाकावरच्या मुलाने अजून टाकलेली नव्हती.

कळसानंतर जे झाले ते सांगण्यास मन घेत नाही, पण टाळूही नये. फ्लेचरचे मनःस्वास्थ्य ढासळले. वाइल्डर १९९५ साली सोडून गेला. गेहन अमेरिकेत हेरॉइनच्या विळख्यात सापडला. १९९५ साली त्याने जीव देण्याचा प्रयत्न केला आणि २८ मे १९९६ रोजी मादक द्रव्याच्या अतिरेकाने त्याचे हृदय दोन मिनिटे थांबले होते. तो वाचला, उपचार घेतले आणि व्यसनातून बाहेर आला. निम्म्या-निम्म्याच्या व्यवहाराने या माणसांना सावकारापासून वाचविले. यशापासून वाचविण्याची कलमे मात्र कागदी किंवा बिनकागदी कोणत्याच करारात नसतात.

२००२ साली मिलर यांनी म्यूट विकली, आणि ती घेतली कोणी, तर ई.एम.आय.ने. भोंग्यासमोरच्या कुत्र्याची कंपनी अखेर आईच्या घरातील कंपनीची मालक झाली, हे वाचून मी काही वेळ गप्प बसलो. स्वतंत्र वितरणाची जुनी साखळी १९९१ साली रफ ट्रेडच्या वितरण शाखेसोबत कोसळलेली होती, हे ध्यानात घेतले म्हणजे मिलर यांना दोष देववत नाही. २०१० साली ते म्यूटचे नाव घेऊन पुन्हा स्वतंत्र झाले. पण २०१३ साली डेपेश मोडचा नवा अल्बम निघाला तो सोनी समूहाच्या कोलंबिया कंपनीतून. त्या वेळी सह्या झाल्याच असतील.

त्याआधीच, २०१२ साली, आणखी एक छोटी तबकडी निघाली होती. फारशी खपली नाही. व्हिन्स क्लार्क आणि मार्टिन गोर या दोघांनी, तुटल्यानंतर तब्बल तीस वर्षांनी, मिळून ती केली, आणि ती काढली डॅनियल मिलर यांच्या म्यूटने.

अँड्र्यू फ्लेचर २६ मे २०२२ रोजी, ६० वर्षांचा असताना, अकस्मात वारला. गीते तो लिहीत नसे, गातही नसे. वर्षानुवर्षे त्याने हिशेब पाहिले आणि माणसे एकत्र धरून ठेवली. त्या वेळी नव्या अल्बमची गीते तयार होती आणि नावही ठरलेले होते : ‘मेमेंतो मोरी’. राखेच्या बुधवारी कपाळी राख लावून घेणाऱ्यांना या लॅटिन शब्दांचा अर्थ ठाऊकच आहे. अल्बम मार्च २०२३मध्ये निघाला. त्यानंतरच्या दौऱ्यात गोर आणि गेहन हे दोघेच उरले होते. फ्लेचरचे आवडते गीत ते रोज वाजवीत, आणि ते चालू असताना मागच्या पडद्यावर त्याचा चेहरा दिसे.